माळ्यावरचा जुना डेस्कटॉप, थोडी दुरुस्ती आणि लिनक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या इंदूरमधल्या लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर अशा कुठल्या तरी घराच्या माळ्यावरून एक सीपीयू खाली उतरतो आणि मला फोन येतो. (सीपीयू म्हणजे खरं तर आतली चिप, पण अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची आपली सवय आता जायची नाही. मीही तेच म्हणते.) मी इंजिनिअर नाही. दिवसा एका ऑफिसात हिशेब लिहिते आणि रविवारी पोहे झाले की हे उद्योग करते. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

आमचा कॉम्प्युटर पंधरा वर्षांचा आहे. एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

वय विचारू नका, आत प्रोसेसर कोणता आहे ते बघा. डब्यावरचा स्टिकर बहुधा अजून शाबूत असतो. कोअर २ ड्युओ किंवा त्या काळातला पेंटियम ड्युअल कोअर असेल, तर टायपिंग, ईमेल, बँकेची कामं, रेल्वेचं तिकीट, नातवंडांचा अभ्यास, एवढं निघतं. दुसऱ्या पिढीचा कोअर आय ३ किंवा आय ५, म्हणजे २०११ च्या आसपासचा, असेल तर तुमच्या हातात उत्तम मशीन आहे आणि ते माळ्यावर पडलंय याचंच मला वाईट वाटतं. पेंटियम ४ आणि ५१२ एमबी रॅम असेल तर मात्र मी हात जोडते. तो चालू होईलही, पण आजच्या वेबसाइटी त्याला झेपत नाहीत.

यातले बरेच डबे मुळात बिघडलेलेच नसतात. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं काही लागतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप. जुगाड करून जुन्या मशीनवर ११ बसवणारे आहेत, पण कोअर २ ड्युओवर तोही मार्ग बंद झाला. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोजला पॉपकाउंट नावाची एक सूचना प्रोसेसरमध्ये असावी लागते. ती या चिपमध्ये नाही, त्यामुळे विंडोज सुरूच होत नाही. म्हणून अशा डब्यांवर मी लिनक्स टाकते, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही. दुकानात न्यायचा का?

आधी घरीच बघा. पैसे काढायची वेळ नंतर येते.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून बघा. मग डब्यामागचा एसएमपीएसचा (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) छोटा खटका चालू आहे का ते बघा. हसू नका, माझ्याकडे आलेल्या दोन ‘मेलेल्या’ मशीनचा आजार एवढाच होता. घर आवरताना कुणीतरी तो बंद केलेला असतो. पॉवर केबल बदलून बघा, मॉनिटरचीही तीच केबल असते.

त्यानंतर पुढचं बटण. वर्षानुवर्षं दाबून आतला स्विच झिजतो. बाजूचं झाकण काढा. बटणाकडून आलेली दोन वायरींची बारीक कॅप मदरबोर्डच्या कोपऱ्यात बसवलेली असते, तिच्याजवळ पॉवर स्विच असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ती कॅप काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला तर दोष फक्त बटणाचा. मी अशा वेळी रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावून देते. रीसेट दाबायचं आणि मशीन चालू करायचं, फुकटात काम झालं.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस तपासायचा. बोर्डात गेलेला मोठा चोवीस पिनांचा जोड काढा, हार्डडिस्कच्या आणि बाकीच्या वायरीही सोडवा. त्या मोठ्या जोडातली हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी, या दोहोंत कागदाची क्लिप वाकवून खुपसा आणि मग वीज द्या. चांगल्या एसएमपीएसचा पंखा लगेच फिरतो. मल्टिमीटर असेल तर काळ्याच्या जोडीने पिवळीवर १२ व्होल्ट, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ मिळायला हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६ पर्यंत ठीक.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास भार काही वेळ राहू शकतो. बिघडला असेल तर सरळ दुसरा आणा. स्टिकरवरच्या वॅटच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा हातात घेऊन वजन बघा. स्वस्तातला एसएमपीएस रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो, आणि जातो तेव्हा कधी कधी बोर्डालाही घेऊन जातो.

पंखे फिरतात, लाइट लागतो, पण स्क्रीन काळीच.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर बहुतेक वेळा रॅम हेच असतं.

आमच्या आत्याचं मशीन असंच होतं. तिने ते एका दुकानात दाखवलं. तिथल्या मुलाने झाकण न उघडताच निदान केलं : “आंटी, बोर्ड गया। नया ले लो।” आत्या चार हजार मोजायला निघाली होती. मी रविवारी गेले, प्लग काढला, रॅमच्या दोन्ही बाजूंचे खटके दाबून पट्टी बाहेर घेतली. खालचे सोनेरी पाय काळपट पडले होते. भाच्याच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेतलं आणि दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसल्या, एकाच दिशेने, वरून खाली. खोडरबराचा चुरा ब्रशने झटकला, सॉकेटमधली धूळ फुंकणीने उडवली (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते) आणि पट्टी दोन्ही बाजूंना ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत बसवली. तो दुहेरी ‘खट्’ महत्त्वाचा, एकाच बाजूला बसलेली रॅम म्हणजे पुन्हा काळी स्क्रीन. आत्याचं मशीन चालू झालं. आत्याने त्यानंतर त्या दुकानाबद्दल जे काही सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, सॉकेट बदलून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून मॉनिटर थेट बोर्डाच्या जोडाला लावा. बोर्डावर बारीक स्पीकर असेल तर तो बोलतो. पुष्कळ जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन तोकड्या शिट्ट्या म्हणजे ग्राफिक्सचा घोळ, आणि सारख्या लांब शिट्ट्या म्हणजे रॅम. कंपनीगणिक ही भाषा बदलते, त्यामुळे बोर्डाचं नाव बघून अर्थ लावा.

दर वेळी तारीख मागे जाते आणि सुरू होताना एफ १ दाबायला सांगतो.

बोर्डावरचा गोल सेल संपला. सीआर २०३२ मागा, ३ व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. नखाने खटका सरकवा, जुना काढा, अधिक चिन्ह वर ठेवून नवा बसवा. तारीख चुकीची असली की बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, आणि आजार तीस-चाळीस रुपयांच्या सेलचा असतो.

डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे, घरातलं अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून डब्याच्या पत्र्याला जोडलेले असतात, गडबड-गोंगाट गाळण्यासाठी. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी बारीक असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. राजवाड्याच्या मागच्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट दिसतं खरं, पण वरच्या मोठ्या भोकाला आत वायरच नसते. इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर रॅम, पेनड्राइव्ह काहीही काढ-घाल करताना प्लग काढलेला असू द्या.

बोर्डावर काही नळकांड्या वरून फुगल्यात. काय करायचं?

त्या नळकांड्या म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. वरचा माथा सपाट हवा. फुगला, तपकिरी चिकट पाझरला, तर गेला. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायनाचे कपॅसिटर जगभर बोर्डांवर बसले, त्या काळातल्या मशीनमध्ये हे हमखास दिसतं. मशीन तासाभराने गोठणं, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होणं ही त्याची लक्षणं.

बदलता येतात. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचे आणि ‘लो ईएसआर’ जातीचे घ्यायचे. पट्टीची बाजू ऋण, ती उलटी बसली तर कपॅसिटर फुटतो. डाग द्यायचा (सोल्डरिंगचा) अनुभव नसेल तर हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे द्या. कॉम्प्युटरच्या दुकानात ‘बोर्ड बदला’ म्हणतील, टीव्हीवाले काका चष्मा कपाळावरून खाली घेऊन काम सुरू करतील.

आत धूळ फार आहे. सफाई कशी करू?

गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला रुमाल बांधून. रंगकामाचा मऊ ब्रश आणि फुंकणी पुरते. पंखा बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने भिरभिरू देऊ नका. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात. पंखा आणि पात्या यांच्या मध्ये धुळीची अक्षरशः गोधडी विणलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दहा मिनिटांत बंद पडणारी मशीन याच गोधडीमुळे बंद पडतात.

इंटेलचा पंखा चार काळ्या खुंट्यांवर बसतो. खुंटीवरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढली की ती सुटते. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली असेल, ती पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी लावा. इडलीवर तूप घालतात तशी सढळ हाताने नको. परत बसवताना समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबा आणि चारही पाय बोर्डाच्या मागे बाहेर आलेत का ते बघा. तीनच बसल्या तर सगळं व्यर्थ.

पंखा करकरत असेल तर स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. हा उपाय आमच्या आईचा, आणि तो वर्षभर तरी टिकतो.

पैसे टाकायचेच तर रॅमवर टाकू की एसएसडीवर?

दोन जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर आधी रॅम. नाहीतर एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपांची डिस्क), डोळे मिटून.

जुनी हार्डडिस्क एखादी गोष्ट शोधायला दहा-बारा मिलिसेकंद घेते, कारण तिला खरोखरची सुई हलवून फिरत्या तबकडीवर जागा गाठावी लागते. एसएसडीला याच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही वेळ लागत नाही. मशीन सुरू होताना अशा हजारो शोधाशोधी होतात, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. ‘आमच्या बोर्डाचं साटा (डिस्क लावायचा जोड) जुनं आहे, एसएसडी चालेल का?’ चालतं. साटा २ वर वेग सेकंदाला अडीचशे-पावणेतीनशे एमबीवर अडतो, पण त्याने काही बिघडत नाही. घरच्या कामाला १२० किंवा २४० जीबीची पुरते. बसवायला वेगळा कप्पा नसेल तर दुहेरी चिकटपट्टीने डब्याच्या तळाला चिकटवा. तिच्यात फिरणारं काही नाही.

रॅम घेताना मात्र घाई नको. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या रॅमच्या दोन पिढ्या. दोन्हींना २४० पाय असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकाच्या जागी दुसरी जोर लावून बसवायला जाऊ नका. जी ३१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाचा कारभार बघणारी चिप) बोर्ड चार जीबीच्या पुढे जात नाही. जी ४१ आठ जीबी घेतो, पण त्यातही एक मेख आहे, आणि ती मला फुकटची फेरी पडून कळली. शेजारच्या काकांच्या जी ४१ बोर्डासाठी मी आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून चार जीबीची डीडीआर ३ पट्टी आणली. घरी लावली, तर स्क्रीन काळी. पट्टी दुसऱ्या मशीनमध्ये मस्त चालत होती. नंतर कारण समजलं : या चिपसेटला दाट चिपा वाचता येत नाहीत. चार जीबीची पट्टी हवी असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा काळ्या चिपा हव्यात. एकाच बाजूला आठ असतील तर ती चालणार नाही. परत गेले, काउंटरवर पट्ट्या हातात घेऊन चिपा मोजल्या. दुकानदार म्हणाला, “दीदी, आप पहली हो जो गिन के ले रही हो।” मोजून घ्या, त्याला काही वाटत नाही.

लिनक्स कोणतं टाकू? नावंच शंभर आहेत.

माझं ठरलेलं उत्तर : लिनक्स मिंट, एक्सएफसीई आवृत्ती. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. किमान दोन जीबी रॅम मागतं, चार असेल तर बरं. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम अगदीच दोन जीबी असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स बघा.

उत्साही पुतणे-भाचे यापेक्षा भारी काहीतरी सुचवतील. त्यांना विचारा, काही अडलं तर येऊन बघणार कोण? तो पुण्याला किंवा बंगळूरला असेल तर मिंटच टाका.

आमचा प्रोसेसर ३२ बिट आहे म्हणतात.

३२ बिट ही प्रोसेसरची जुनी पद्धत, ६४ बिट नवी. कोअर २ ड्युओ ६४ बिट असतो, त्यावर जुनी ३२ बिट विंडोज टाकलेली असते इतकंच. खात्री करून घ्या. खरोखर ३२ बिट असेल तर दारं एकेक करून बंद होत आहेत. लिनक्सच्याच प्रकारांपैकी उबुंटूने केव्हाच सोडलं, डेबियनने १३ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलर देणं थांबवलं, ३२ बिट लिनक्सवर क्रोम तर २०१६ पासूनच नाही. अँटिएक्स नावाचं हलकं लिनक्स अजून साथ देतं, पण मी त्यावर वेळ घालवत नाही.

टाकायचं कसं? सगळं पुसलं जाईल याची भीती वाटते.

पुसण्याआधी बघून घेता येतं, हीच तर लिनक्सची मौज. मिंटची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एकाच फाइलीत) जवळपास तीन जीबीची आहे. ती एखाद्या चालू मशीनवर उतरवून रुफस किंवा एचर या प्रोग्रामने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहायची. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते मात्र जातं. मग जुन्या मशीनला तो लावून सुरू करताना एफ १२, एफ ११ किंवा एफ ८ (बोर्डानुसार) दाबत राहायचं आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट थेट पेनड्राइव्हवरून उघडतं, डिस्कला हात लावत नाही. आवाज येतो का, इंटरनेट चालतं का, स्क्रीन नीट दिसते का, तासभर बघा. पटलं तरच डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चित्रावर क्लिक करा.

पेनड्राइव्हवरून सुरूच न होणारे बोर्डही भेटतात. तेव्हा डीव्हीडी लिहायची. ४.७ जीबीच्या डीव्हीडीत फाइल आरामात मावते, फक्त ड्राइव्हचा ट्रे उघडतो का ते आधी बघा. आमच्याकडे तो टाचणी टोचून उघडावा लागला.

एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल आणि लोगोनंतर स्क्रीन काळी होत असेल, तर सुरुवातीच्या मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडा. तरीही रडत असेल तर कार्ड काढून टाका, बोर्डावरचं ग्राफिक्स घरच्या कामाला पुरतं.

जुन्या डिस्कमधले लग्नाचे फोटो?

आधी ते काढा, मग बाकीचं. विंडोज सुरू होत नसली तरी वर सांगितल्याप्रमाणे पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की जुनी डिस्क फाइल मॅनेजरमध्ये दिसते. फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. दोन ठिकाणी ठेवा. मग मेनूतल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट माहिती (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) उघडा आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर’ व ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी बघा. तिथे शून्य असेल तर छान. आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, तिच्यावर काहीही नवं ठेवू नका. डिस्क टक-टक असा आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू नका. दर वेळी आतली सुई तबकडीवर घासण्याची भीती असते.

मराठी टायपिंग होईल का? काकांना स्मरणिका टाइप करायची आहे.

होईल, आणि माझ्या मते विंडोजपेक्षा सुटसुटीत. सेटिंगमध्ये कीबोर्ड उघडा, लेआउटच्या यादीत भारतीयमधलं मराठी इनस्क्रिप्ट जोडा, भाषा बदलायला एक की नेमून द्या. झालं. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं. ‘ळ’ साठी शिफ्ट धरून एन. ‘दऱ्या’ मधला अर्धा र लोकांना हटकून अडवतो : द नंतर शिफ्टसह जे म्हणजे ऱ, मग डी ने हलन्त, मग य आणि काना. चार दिवसांत बोटांना कळतं.

इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असलेल्यांनी आयबस आणि त्याचा एम१७एन संच टाकावा, त्यात मराठीसाठी ध्वन्यात्मक मांडण्या आहेत. घरात कुणी मध्य प्रदेशच्या सीपीसीटी या कॉम्प्युटर-टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत असेल आणि हिंदीसाठी इनस्क्रिप्ट निवडलं असेल, तर बोटं बसवायला हेच मशीन चालेल. हिंदी आणि मराठी इनस्क्रिप्टच्या जागा जवळपास एकच आहेत.

खरी डोकेदुखी जुन्या फाइलींची. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे सगळं कृतीदेव नाहीतर श्रीलिपीत टाइप व्हायचं. ते युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नव्हे. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवलेले असायचे. लिनक्सवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. कृतीदेवातलं ‘इंदौर’ मग इंग्रजीत बी-ए-एन-के-एस-जे असं दिसतं. काका घाबरून म्हणाले, “अगं, माझ्या फाइलीत व्हायरस शिरला! नुसतं बँक बँक लिहून येतंय.” फॉन्टची फाइल जुन्या विंडोजच्या फोल्डरमधून आणून टाकली तर मजकूर वाचता येतो. पण शोधायला, मोबाइलवर पाठवायला तो युनिकोडमध्येच हवा. रूपांतर करणारी साधनं आहेत. रफार, ऱ्ह आणि पहिली वेलांटी इथे ती घसरतात, म्हणून रूपांतरानंतर एकदा शांतपणे वाचून काढा. काकांच्या चाळीस पानांना आम्हाला दोन रविवार लागले. त्यात ‘कार्यकारिणी’ हा शब्द किती वेळा दुरुस्त केला ते मोजलं नाही. छापायला नोटो किंवा मुक्ता हे फॉन्ट देखणे दिसतात.

प्रिंटर आणि वायफाय?

एचपीचे बहुतेक प्रिंटर लावले की आपोआप ओळखले जातात. बाकीच्यांचं मॉडेल विकत घेण्याआधी किंवा लिनक्स टाकण्याआधी तपासा, काही जुने लेझर प्रिंटर फार छळतात. वायफायचा यूएसबी डोंगल चालला नाही तर निराश होऊ नका. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला त्यासाठी कुठलाही ड्रायव्हर लागत नाही. त्या इंटरनेटवरून डोंगलचा ड्रायव्हर उतरवता येतो.

टॅली चालेल?

मी हिशेबाचं काम करते, म्हणून स्पष्ट सांगते : टॅलीसाठी विंडोजचं मशीन ठेवा. वाइन नावाच्या आडवाटेने काही जण चालवतात, पण मार्चअखेरीला आडवाटेवर कुणी जाऊ नये.

यूट्यूब अडकत अडकत चालतं.

यूट्यूब आता व्हीपी ९ आणि एव्ही १ या नव्या पद्धतींत व्हिडिओ पाठवतं. ते उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाका, ते हलक्या एच.२६४ मध्ये व्हिडिओ मागतं. दर्जा ७२० वर ठेवा. आणि चोवीस टॅब उघडे ठेवू नका.

अँटिव्हायरस लागेल का?

नाही. अपडेट येतील तेव्हा घ्या, आणि बँकेच्या नावाने फोन करणाऱ्याला ओटीपी सांगू नका. त्यापुढे लिनक्सचंही काही चालत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना जमेल का?

त्यांना सगळ्यात लवकर जमतं, कारण त्यांना चारच गोष्टी हव्या असतात. मी डेस्कटॉपवर चारच चित्रं ठेवते : इंटरनेट, मराठी लिखाण, फोटो, बंद करा. अक्षरं मोठी करते, पासवर्ड वहीत लिहून देते आणि फायरफॉक्सचं पहिलं पान त्यांच्या आवडीचं लावते. आत्याला पेपरचं पान हवं होतं, काकांना शास्त्रीय संगीत. पहिले पंधरा दिवस फोन येतात. नंतर येतात ते पुढच्या कुणाच्या तरी सीपीयूसाठी.

वीजबिल वाढेल?

मॉनिटर एलसीडी असेल तर असा संच साधारण शंभर वॅट धरा. रोज चार तास म्हणजे महिन्याला बारा युनिट. जुना काचेचा ढब्बू मॉनिटर असेल तर तो एकटाच जवळपास तेवढी वीज खातो, तो मात्र बदला.

यूपीएस सारखा बोंबलतो.

बॅटरी गेली. बहुतेक घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. महाराणी रोडवर जुनी देऊन नवी घ्या.

सगळं करून नाहीच झाला तर?

मग त्याचे अवयव दान करा. रॅम, एसएमपीएस, पंखा, केबल, डीव्हीडी ड्राइव्ह, सगळं पुढच्या मशीनला लागतं. माझ्या पलंगाखाली अशी एक पेटी आहे आणि घरच्यांचं तिच्याविषयीचं मत मला ठाऊक आहे.

डिस्क देण्याआधी पुसा. ‘डिस्क्स’ मध्ये फॉरमॅट करताना शून्यांनी भरायचा पर्याय निवडा, रात्रभर लावून ठेवला तरी हरकत नाही. उरलेला बोर्ड आणि वायरी भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळतात आणि तो धूर आपल्याच नाकात येतो. आपल्या कचरागाडीत इ-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात द्या. ढब्बू मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, तो फोडू नका. गाडीवाल्या भैयांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर सकाळी गाडीच्या गाण्याच्या गडबडीत तो उचलायला तुम्ही एकट्याच उरता.